बर्फ हटवणारा ट्रक हिवाळ्यासाठी कसा तयार करतात? देवगाव फाट्याच्या गॅरेजपासून झोजिलापर्यंत

परभणी जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत एखादी सकाळ अशी उगवते की खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात काही हिवाळ्यांत किमान तापमान 5 अंशांच्याही खाली नोंदलं गेलं आहे. अशा सकाळी देवगाव फाट्यावर, म्हणजे मंठा, सेलू आणि जिंतूरकडचे रस्ते जिथे फुटतात तिथे, रात्रभर उभा असलेला ट्रक पहिल्या सेल्फला सुरू होत नाही. ड्रायव्हर दोन-तीनदा सेल्फ मारतो, इंजिन खोकतं, पांढरा धूर टाकतं आणि मग चालू होतं. आपल्याकडे थंडीचा त्रास एवढाच.

आता याच तापमानातून आणखी 25-30 अंश वजा करा. रस्त्यावर माणसाच्या उंचीपेक्षा जास्त बर्फ आहे आणि हा ट्रक सुरू झाल्याशिवाय मागची एकही गाडी पुढे सरकणार नाही, असं समजा. बर्फ हटवणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरची आणि मेकॅनिकची रोजची सकाळ अशी असते.

परभणीत बर्फ पडत नाही, मग हा विषय कशाला? एक कारण असं की या कामाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. हिमालयातले सीमेवरचे रस्ते सांभाळणारी सीमा रस्ते संघटना, म्हणजे बीआरओ, 7 मे 1960 रोजी सुरू झाली. तिच्यासाठी प्रत्यक्ष काम करणाऱ्या जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्सचं, म्हणजे 'ग्रेफ'चं केंद्र पुण्यात दिघी कॅम्पला आहे. व्हेईकल मेकॅनिक, ड्रायव्हर, यंत्रचालक अशा पदांच्या ग्रेफच्या जाहिराती आपल्याकडची आयटीआय झालेली मुलं दरवर्षी मोबाईलवर एकमेकांना पाठवत असतात. तिथे जाऊन नेमकं काय करायचं असतं, हे मात्र त्या जाहिरातीत नसतं.

एक ट्रक बंद पडला तर काय अडतं?

श्रीनगर-लेह रस्त्यावरची झोजिला खिंड सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. पूर्वी ही खिंड वर्षातले पाच-सहा महिने बंद असायची. लडाखमधली माणसं हिवाळ्याआधी धान्य, इंधन, औषधं साठवून ठेवायची. 2022 मध्ये खिंड 73 दिवसांच्या बंदनंतर उघडली, 2023 मध्ये 68 दिवसांनी, आणि 2025 मध्ये फक्त 32 दिवसांनी. काश्मीरच्या बाजूने बीआरओचा 'बीकन' प्रकल्प बर्फ कापत वर येतो, द्रासच्या बाजूने 'विजयक' प्रकल्प, आणि दोन्ही तुकड्या मध्ये कुठेतरी भेटतात. बंदचे दिवस कमी होण्यामागे माणसांची मेहनत आहे, तशी यंत्रं ऐनवेळी न थांबण्याचीही आहे.

यंत्र थांबलं तर नुसता वेळ जात नाही. बर्फ कापण्याची जागा बहुतेक वेळा हिमस्खलनाच्या वाटेवरच असते. तिथे दोन तास गाडीखाली झोपून होज पाईप बदलणं म्हणजे दोन तास डोक्यावर डोंगर घेऊन बसणं. 28 फेब्रुवारी 2025 ला उत्तराखंडमध्ये माणा गावाजवळ बीआरओच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन झालं आणि 8 कामगारांचा जीव गेला. त्या घटनेचा यंत्राच्या बिघाडाशी संबंध नाही, पण ही माणसं कोणत्या जागी राबतात ते त्यातून कळतं. तिथे करावी लागणारी दुरुस्ती आधीच खाली सपाटीवर करून ठेवली, तर तेवढा वेळ माणूस धोक्याबाहेर राहतो.

हे यंत्र असतं कसं?

सोशल मीडियावर दिसणाऱ्या व्हिडिओत साधारण तीन प्रकारची यंत्रं असतात. पहिला, पुढे मोठं वाकडं पातं लावलेला ट्रक. नांगराचा फाळ माती जशी एका बाजूला पालथी करतो, तसं हे पातं बर्फ एका बाजूला लोटतं. इंग्रजीतलं 'स्नो प्लाऊ' हे नाव नांगरावरूनच आलं आहे. ताजा, भुसभुशीत, फूट-दीड फूट बर्फ असेल तर हे वेगात काम करतं.

दुसरा प्रकार बर्फ कापून उडवणारा, म्हणजे स्नो कटर. याच्या तोंडाशी पिळदार पाती फिरतात, त्यांना ऑगर म्हणतात. ते बर्फ कापून आत ओढतात आणि मागचा पंखा तो बर्फ धुराड्यासारख्या नळीतून दूर दरीत फेकतो. बाजूला लोटायला जागाच नसते, दोन्हीकडे बर्फाच्या भिंती उभ्या असतात, तेव्हा हेच कामाला येतं.

तिसऱ्या गटात आपले ओळखीचे डोझर, लोडर आणि पोकलेन येतात. हिमस्खलनात खाली आलेला बर्फ दगडमातीसकट घट्ट बसलेला असतो. तो ट्रकच्या पात्याने हलत नाही, तिथे आधी डोझरच लागतो.

या लेखात मुख्यतः पात्याच्या ट्रकबद्दल आणि थोडं कटरबद्दल बोलू. इंजिन, गिअर, ब्रेक हे सगळं आपल्या टिपरसारखंच असतं. वेगळं असतं ते पुढचं पातं, त्याला उचलणारं हायड्रॉलिक, आणि थंडी.

दुरुस्तीचा खरा हंगाम उन्हाळा

ऊसतोडणी यंत्र ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना हे पटकन समजेल. चार-पाच महिने यंत्र दिवसरात्र चालतं आणि उरलेलं वर्ष शेडमध्ये उभं राहतं. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात ते बंद पडतं, आणि बहुतेकदा कारण आदल्या हंगामाच्या शेवटी सोडून दिलेलं असतं. चिखल तसाच राहिला, सिलिंडरचा दांडा उघडाच ठेवला, बॅटरीची वायर काढली नाही, उंदरांनी वायरिंग कुरतडलं.

बर्फाच्या ट्रकचं अगदी असंच आहे. नवखा माणूस म्हणतो की बर्फाने गाडी मोडली. जुना मेकॅनिक विचारतो, गेल्या एप्रिलमध्ये ती कशी उभी केली होती? बर्फ ओसरला की पातं काढून धुतात. गंज खरवडून रंग मारतात. हायड्रॉलिक सिलिंडरचा चकचकीत दांडा पूर्ण आत घेऊन ठेवतात, आणि जो भाग उघडा राहतो त्यावर ग्रीसचा थर देतात. या दांड्यावर गंजाचा एक बारीक खड्डा पडला, तरी पुढच्या हंगामात तो खड्डा प्रत्येक वर-खाली होण्याबरोबर ऑईल सील कापत जातो. सील स्वस्त असतं, पण ते बदलायला सिलिंडर खोलावा लागतो आणि दांडा तसाच खराब राहिला तर नवं सीलही कापलं जातं. म्हणून दांड्यावर बोट फिरवून पाहायची सवय लावतात. नखाला अडकलं तर दांडा पॉलिशला किंवा बदलायला पाठवायचा.

मग सप्टेंबरच्या सुमाराला पातं पुन्हा जोडतात आणि बर्फ नसतानाच सगळं चालवून बघतात. पातं वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पन्नास वेळा. पार्किंगमध्ये गळणारा पाईप खिंडीत फुटणाऱ्या पाईपपेक्षा कितीतरी बरा.

पातं, कडा आणि स्प्रिंगा

पात्याचा मोठा वाकडा पत्रा रस्त्याला टेकतच नाही. टेकते ती त्याच्या खालच्या अंगाला बोल्टने बसवलेली पोलादी पट्टी, तिला कटिंग एज म्हणतात. झिजायचं काम या पट्टीचं. ती कितपत झिजली याकडे लक्ष नसेल, तर एका रात्रीत पट्टी संपते आणि पात्याचा मूळ पत्रा डांबरावर घासायला लागतो. पट्टी बदलायला तासाभराचं काम, पत्रा गेला तर महिनाभर वेल्डिंग.

बऱ्याच पट्ट्या उलट्या करून दुसऱ्या कडेनेही वापरता येतात. पट्टी बदलताना बोल्ट आणि नट दोन्ही नवे घालायचे असतात, जुने पुन्हा आवळायचे नाहीत. हे बोल्ट चपट्या डोक्याचे आणि चौकोनी मानेचे असतात, म्हणजे डोकं पट्टीच्या पातळीत बसतं आणि रस्त्याला लागून झिजत नाही. बसवल्यावर पहिले काही तास काम झालं की पुन्हा एकदा पाना लावायचा, कारण नवी पट्टी हादऱ्याने जागेवर बसते आणि बोल्ट सैल होतात.

पात्याच्या मागे जाड स्प्रिंगा असतात. बर्फाखाली दगड, रस्त्याचा उंचवटा किंवा पुलाचा सांधा आला की पातं किंवा त्याची खालची कडा मागे झुकते, अडथळा ओलांडते आणि स्प्रिंग तिला परत जागेवर आणते. स्प्रिंग तुटलेली किंवा गंजून आखडलेली असेल तर तो सगळा धक्का चेसिसला बसतो, आणि ड्रायव्हरची छाती स्टिअरिंगवर. स्प्रिंगचा ताण दरवर्षी बघतात. ताण कमी असेल तर पातं साध्या बर्फातही झुकत राहतं, जास्त आवळला तर गरज असताना झुकत नाही. इथे 'थोडं जास्तच आवळून टाक' हा आपला आवडता सल्ला उपयोगाचा नाही.

पुढे एवढं वजन टांगलं की पुढच्या एक्सलचे कमानपाटे, किंगपिन आणि चाकांच्या बेअरिंगा लवकर झिजतात. म्हणून मागे वाळूचं वजन भरून तोल साधतात. त्यामुळे मागच्या चाकांना पकडही मिळते.

आणखी एक गंमत. पातं पूर्ण उचलून लांबचा प्रवास केला तर ते रेडिएटरसमोरची हवा अडवतं, आणि बाहेर उणे 10 असताना आत इंजिन तापतं. ड्रायव्हर बुचकळ्यात पडतो. पातं थोडं खाली किंवा तिरकं केलं की तापमान उतरतं.

तुटण्यासाठीच बनवलेला बोल्ट

रोटाव्हेटर चालवणाऱ्या शेतकऱ्याला हा भाग समजावून सांगायची गरज नाही. पीटीओ शाफ्टवर एक बोल्ट असतो. दगड अडकला की तो कापला जातो आणि गिअरबॉक्स वाचतो. स्नो कटरच्या ऑगरवर तसेच शिअर बोल्ट असतात. बर्फात गाडलेला दगड, झाडाचं खोड, कधी कधी अख्खी सोडून दिलेली गाडी आत आली की हे बोल्ट तुटतात.

वैताग इथूनच सुरू होतो. एका रात्रीत चार बोल्ट तुटले की पाचव्यांदा कोणीतरी म्हणतं, 'चांगला कडक बोल्ट टाक, तुटायचा नाही.' आपल्याकडेही रोटाव्हेटरला असंच करतात, कधी तर बोल्टऐवजी सळईचा तुकडा ठोकतात. मग खरोखरच बोल्ट तुटत नाही. पुढचा दगड थेट गिअरबॉक्सचे दात घेऊन जातो. गिअरबॉक्स खिंडीत बदलता येत नाही. म्हणून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे डझनभर शिअर बोल्ट, ते बदलायचा पाना आणि हातोडा ठेवतात. बोल्ट फार वारंवार तुटत असतील तर दोष बोल्टमध्ये शोधायचा नाही. ऑगरची बेअरिंग आखडली आहे का, पाती वाकली आहेत का, किंवा ड्रायव्हर घाई करतोय का, हे बघायचं.

ऑगरमध्ये काही अडकलं तर हाताने काढायचं नाही, इंजिन बंद असलं तरी नाही. पिळलेल्या शाफ्टमध्ये ताण साठलेला असतो. अडथळा सुटला की पाती झटकन फिरतात आणि हात आत ओढला जातो. लांब काठी किंवा पहार वापरतात.

हायड्रॉलिक: छोट्या छिद्राची मोठी जखम

पातं उचलतो तो हायड्रॉलिक सिलिंडर, टिपरची ट्रॉली उचलतो तसाच. पंप तेलाला दाब देतो, होज पाईपमधून तेल सिलिंडरमध्ये जातं, दांडा बाहेर येतो. दगडावर पातं आदळलं तर जास्तीचा दाब सोडून देणारी रिलीफ व्हॉल्व्ह असते. दाब कमी वाटतो म्हणून हीच व्हॉल्व्ह पिळून घट्ट केली जाते, आणि मग कमकुवत पाईप फुटतो. दाब गेज लावूनच तपासतात, अंदाजाने नाही.

थंडीत दोन गोष्टी होतात. तेल घट्ट होतं, त्यामुळे पातं सकाळी आळसावल्यासारखं उचललं जातं. आणि पाईपचं रबर कडक होऊन वाकणाच्या जागी चिरतं. म्हणून अशा गाड्यांत कमी तापमानासाठीचं हायड्रॉलिक तेल घालतात आणि कामाला लागण्याआधी काही मिनिटं रिकामं फिरवून तेल कोमट करतात. तेलात पाणी शिरलं असेल तर ते दुधाळ दिसतं. तेच पाणी गोठून बारीक वाटा अडवतं. दुधाळ तेल सरळ बदलायचं.

आता महत्त्वाचं. हायड्रॉलिक पाईपमधला दाब साधारण 150 ते 200 बार असू शकतो. ट्रकच्या टायरमधली हवा सुमारे 7 बार असते, यावरून अंदाज घ्या. पाईपला सुईएवढं छिद्र पडलं तर त्यातून येणारी तेलाची धार डोळ्याला धड दिसतही नाही. गळती कुठे आहे ते बघायला माणूस सवयीने हात फिरवतो आणि तेल कातडी भेदून आत घुसतं. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही. काही तासांनी बोट सुजतं. आतल्या पेशी मरायला लागलेल्या असतात. अशा वेळी हळद लावून घरी बसायचं नाही. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना 'दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलं आहे' हे स्पष्ट सांगायचं. उशीर झाला तर बोट, कधी हात गमवावा लागतो. हे जेसीबी आणि ट्रॅक्टरवर काम करणाऱ्यांनाही तितकंच लागू आहे. गळती शोधायला पुठ्ठ्याचा लांब तुकडा धरतात, त्यावर तेल उमटतं.

तसंच, उचललेल्या पात्याखाली कुणीही शिरत नाही. आधी पातं जमिनीला टेकवायचं, किंवा खाली लोखंडी टेकू लावायचा. उचललेल्या टिपरच्या ट्रॉलीखाली टेकू न लावता शिरलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचत असतोच. पाईप सैल केला की पातं एका क्षणात खाली येतं.

थंडी इंजिनात काय करते?

पुन्हा खोबरेल तेलाच्या बाटलीकडे या. डिझेलमध्येही मेणासारखा अंश असतो. तापमान उतरलं की तो आधी धुरकट दिसतो, मग त्याचे स्फटिक होतात आणि फिल्टर बुजतो. टाकीत डिझेल भरपूर असतं, पण इंजिनाला मिळत नाही. भारतीय मानकानुसार साधं डिझेल हिवाळ्यात 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिलं पाहिजे, उन्हाळ्याच्या डिझेलसाठी ही मर्यादा 18 अंश आहे. त्याच्या खाली ते वाहीलही, पण हमी नाही. म्हणजे मराठवाड्यात टाकी फुल्ल करून निघालेल्या मालट्रकला काश्मीरच्या हिवाळ्यात त्याच डिझेलवर भरवसा ठेवता येत नाही. 17 नोव्हेंबर 2019 ला इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल सुरू केलं. ते पानिपतच्या रिफायनरीत तयार होतं आणि उणे 33 अंशांपर्यंत थिजत नाही.

आधी काय करायचे? डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे, टाकीखाली शेकोटी पेटवायचे. शेकोटीचा धोका सांगायला नको. रॉकेलचा तोटा असा की ते पातळ असल्याने पंप आणि इंजेक्टरला वंगण कमी मिळतं. बीएस-6 गाड्यांची नाजूक इंजेक्शन यंत्रणा त्याने लवकर खराब होते, शिवाय ती भेसळच.

टाकी रात्री भरूनच ठेवतात. रिकाम्या टाकीतल्या हवेतली वाफ थंडीत पाणी होऊन डिझेलमध्ये उतरते आणि नळीत गोठते. फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी रोज काढायचं असतं. आपल्याकडे हे काम सर्व्हिसिंगलाच आठवतं.

एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 ट्रकमध्ये एक्झॉस्टसाठी युरियाचं द्रावण वेगळ्या टाकीत घालावं लागतं. ते उणे 11 अंशांना गोठतं. गाडी सुरू झाल्यावर इंजिनच्या गरम पाण्याने ते वितळवायची सोय असते, म्हणून घाबरायचं कारण नाही. फक्त ती टाकी काठोकाठ भरायची नाही, कारण गोठताना द्रावण फुगतं.

पाणी तर बर्फ होताना सुमारे 9 टक्के फुगतं. रेडिएटरमध्ये बोअरचं साधं पाणी असेल तर एका रात्रीत इंजिनच्या ब्लॉकला तडा जाऊ शकतो. त्यावर कूलंट घालतात. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं शुद्ध पाणी असेल तर ते मिश्रण जवळपास उणे 37 अंशांपर्यंत टिकतं. मग निव्वळ ग्लायकॉलच भरलं तर? ते उणे 13 च्या आसपासच गोठतं. म्हणजे जास्त घातलं की जास्त चांगलं हा हिशेब इथे चुकतो. प्रमाण मोजायला छोटं उपकरण मिळतं, एक थेंब पुरतो.

बॅटरीचं तर दुहेरी दुखणं. उणे 18 अंशांना तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट ऑईलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे 50 ला सुद्धा गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतलं मात्र उणे 10 च्या आसपासच गोठतं आणि बॅटरी फुटते. म्हणून हंगामात बॅटरी हायड्रोमीटरने तपासतात, आणि रात्री काही ठिकाणी ती काढून उबदार खोलीत नेऊन ठेवतात. गोठलेल्या बॅटरीला जंपर केबल लावायची नाही, स्फोट होऊ शकतो.

इंजिन ऑईलच्या डब्यावर '15डब्ल्यू-40' असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे 'विंटर', हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान तितकं ऑईल थंडीत पातळ राहतं. 15डब्ल्यू ऑईलची थंडीत फिरण्याची चाचणी उणे 20 अंशांना घेतात, 5डब्ल्यूची उणे 30 ला आणि 0डब्ल्यूची उणे 35 ला. आपल्या फाट्यावर 15डब्ल्यू-40 बारा महिने चालतं. द्रासला चालत नाही.

उंचीचा हिशेब वेगळाच. साडेतीन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असते. इंजिनाची ताकद कमी होते, धूर वाढतो, सुरू व्हायला वेळ लागतो. एअर फिल्टर थोडा जरी बुजलेला असला तरी इथे लगेच जाणवतो.

ब्रेक, टायर, साखळ्या

एअर ब्रेकच्या टाकीत हवेबरोबर वाफ येते आणि तिचं पाणी होतं. परभणीत ते पाणी टाकीच्या तळाशी निवांत पडून राहतं, म्हणून ड्रेन कॉक ओढायला कुणी फारसं जात नाही. खिंडीत तेच पाणी व्हॉल्व्हमध्ये गोठतं आणि ब्रेक लागत नाही, किंवा लागलेला सुटत नाही. शिफ्ट संपली की टाकी निचरा करायची आणि एअर ड्रायरचं कार्ट्रिज हंगामाआधी बदलायचं, एवढ्याने बराच त्रास टळतो. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक लावून रात्रभर गाडी ठेवली तर लायनर ड्रमला चिकटतो. म्हणून सपाट जागी गाडी लावून चाकाखाली ठोकळे देतात.

टायरची हवाही थंडीत उतरते. 35 अंशांच्या दुपारी 100 पीएसआय भरलेला टायर उणे 20 ला सुमारे 80 पीएसआयवर येतो, कुठेही पंक्चर नसताना. (उंचीचा परिणाम यात धरलेला नाही.) तपासणी नेहमी थंड टायरवर आणि कामाच्याच ठिकाणी करायची. साखळ्या हंगामाआधी जमिनीवर पसरून प्रत्येक कडी बघतात. तुटलेली कडी फिरत्या चाकाबरोबर मडगार्ड, ब्रेकचा पाईप, जे समोर येईल ते फोडते. चढवल्यावर शंभरेक मीटर जाऊन पुन्हा आवळावी लागते.

आणि दिवे. नव्या एलईडी दिव्यांना जुन्या बल्बसारखी उष्णता नसते, त्यामुळे काचेवरचा बर्फ वितळत नाही. समोरचा ट्रक चकचकीत दिव्यांसकट आंधळा होतो. ड्रायव्हरला उतरून फडका मारावा लागतो, किंवा काच गरम करणारे दिवे घ्यावे लागतात.

मीठ

अमेरिका, कॅनडा, युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे रोज दिसतं. तिथे बर्फ लोटून झाल्यावर त्याच ट्रकच्या मागून रस्त्यावर मीठ टाकतात. साधं मीठ उणे 9 अंशांच्या आसपासपर्यंतच नीट काम करतं. त्याहून खाली कॅल्शियम क्लोराईडसारखी वेगळी क्षारं लागतात किंवा नुसती वाळू टाकतात. मिठाने रस्ता मोकळा होतो आणि ट्रक गंजतो. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या गाड्या बघितलेल्या माणसाला याचा अंदाज येईल. वायरिंगचे जोड, ब्रेकचे पाईप आणि चेसिसचे कोपरे सगळ्यात आधी जातात. म्हणून प्रत्येक शिफ्टनंतर गाडी खालून धुतात आणि मिठाचा डबा रिकामा करतात, नाहीतर उरलेलं ओलं मीठ रात्रीत दगड होऊन बसतं. जाता जाता, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात या ट्रकना लोकांच्या मतदानाने नावं देतात. 2021 मध्ये सर्वाधिक मतं मिळालेलं नाव होतं 'प्लाऊई मॅकप्लाऊफेस'. आपल्याकडच्या ट्रकमागच्या ओळी त्यापेक्षा नक्कीच सरस आहेत.

हे काम शिकायचं असेल तर

मोटार मेकॅनिक किंवा डिझेल मेकॅनिकचा आयटीआय अभ्यासक्रम हा पाया. त्यावर हायड्रॉलिक आणि ऑटो इलेक्ट्रिकचं काम हाताला असेल तर बर्फाच्या यंत्राचा तीन चतुर्थांश भाग ओळखीचाच निघतो. फाट्यावरच्या गॅरेजमध्ये टिपरचा सिलिंडर खोलणारा, जेसीबीचा पाईप बदलणारा, हार्वेस्टरची पाती घासणारा मुलगा हे सगळं करतच असतो. नवीन असतं ते हातमोजे घालून नट धरणं, उघड्या हाताने लोखंडाला न शिवणं आणि विरळ हवेत दर दहा मिनिटांनी थांबून दम घेणं. ग्रेफच्या भरतीत शारीरिक चाचणी, ट्रेडची प्रत्यक्ष चाचणी, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी असते. ट्रेडच्या चाचणीत यंत्र समोर ठेवून काम करून दाखवावं लागतं, त्यामुळे नुसतं प्रमाणपत्र असून भागत नाही. वयाची अट, शिक्षण आणि जागांची संख्या प्रत्येक जाहिरातीत वेगळी असू शकते, म्हणून ग्रुपवर फिरणाऱ्या जुन्या फोटोवर न जाता बीआरओच्या अधिकृत संकेतस्थळावरची मूळ जाहिरात वाचा. भरती लावून देतो म्हणून पैसे मागणारा कुणी भेटला, तर त्याला फाट्यावरूनच परत पाठवा.